इनाम, दौलतजादा आणि मूल्य

'मूल्य' हा शब्द मराठीत दोन व्यवहारांत एकाच वेळी वावरतो. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर 'मूल्य : १०० रुपये' असे छापलेले असते आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याच्या वाङ्मयीन मूल्याची चर्चा असते, वाचकाला त्यात काही विसंगत वाटत नाही. मराठी समीक्षेने हा दुहेरीपणा फारसा मनावर घेतला नाही. पहिले मूल्य बाजाराचे, दुसरे जीवनाचे, अशी वाटणी करून पहिल्याकडे तिने पाठ फिरवली आणि दुसऱ्याविषयी विपुल लिहिले. परंतु संस्कृती आणि क्रीडा यांच्या 'आर्थिक व सामाजिक मूल्या'ची भाषा शासकीय धोरणांत, पर्यटनाच्या आराखड्यांत आणि अलीकडे विद्यापीठीय प्रबंधांतही रूढ झाली, तेव्हा ही सोयीची वाटणी अपुरी पडू लागली. या भाषेत 'आर्थिक' आणि 'सामाजिक' ही विशेषणे खतावणीतल्या दोन रकान्यांसारखी येतात. एकात उलाढाल, रोजगार, महसूल. दुसऱ्यात ऐक्य, आरोग्य, परंपरा. दोहोंची बेरीज म्हणजे मूल्य. पैसा हे केवळ माप आहे, तो कुणी, कुणाला, कोणत्या रीतीने दिला याने मोजलेल्या गोष्टीत काही फरक पडत नाही, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. कला आणि खेळ यांच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा वाटला तरी मुळात नीतिविचाराचा आहे. आणि नांदेड-लातूरच्या परिसरात तो विशेष ठळकपणे पाहता येतो.

एप्रिल २०१६ मध्ये या प्रश्नाचे एक रूप न्यायालयासमोर आले. लागोपाठच्या अवर्षणाने लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मुंबईत व्हावयाचा अंतिम सामनाही पुढे बंगळूरला झाला. मैदाने आणि खेळपट्ट्या यांना लागणारे पाणी हा वादाचा विषय होता. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, दुष्काळनिधीला देणगी देऊ, सामने गेले तर राज्याचे उत्पन्न बुडेल, असे युक्तिवाद आयोजकांच्या बाजूने पुढे आले.

पाण्यावाचून तडफडणाऱ्या प्रदेशात प्राधान्य कशाला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही, आणि आदेशाचा प्रतीकात्मक अर्थही उघड होता. लक्षणीय आहे ती वादाची परिभाषा. एका बाजूला लिटर, दुसऱ्या बाजूला कोटी. खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही खेळ म्हणजे काय हे सांगण्याची गरज भासली नाही. महसूल हेच खेळाचे समर्थन झाले. एकदा हे समर्थन स्वीकारले की अधिक महसूल देणारी कोणतीही गोष्ट खेळाची जागा घेऊ शकते, आणि ज्या खेळातून महसूल येत नाही त्याच्यापाशी बोलण्यासारखे काहीच उरत नाही. लातूर-नांदेडच्या गावोगावी जे खेळले, गायले आणि नाचले जाते ते बहुतांशी या दुसऱ्या वर्गात मोडते. तेथेही पैसा आहे, भरपूर आहे. पण त्याची चाल निराळी आहे.

ती चाल समजून घेण्यासाठी लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावरचे माळेगाव हे उचित ठिकाण आहे. लोहा तालुक्यातील या गावी मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस, म्हणजे साधारणतः डिसेंबर-जानेवारीत, खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, वाघ्या-मुरळी येतात. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार भरतो. कंधार भागातील लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी या गोवंशांची जनावरे पारखली जातात. वैदू, गोसावी, घिसाडी अशा अनेक भटक्या समाजांचे लोक वर्षातून एकदा येथे एकत्र येतात. सोयरिकी ठरतात, जुने तंटे निघतात. नांदेड जिल्हा परिषद यात्रेचे संयोजन करते. पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल आणि लोककलांचा महोत्सव ही तिच्या कार्यक्रमपत्रिकेतील ठरलेली कलमे. शिवाय तमाशाचे तंबू आणि लावणीचे फड आपल्या हिमतीवर लागतात ते वेगळेच. यात्रेची उलाढाल काढणे कठीण नाही. जनावरांचे सौदे, तंबूंचे भाडे, मिठाई, घोंगड्या, तिकिटे, बसगाड्यांचे उत्पन्न यांची बेरीज करता येते आणि ती डोळे दिपविणारी असू शकते. पण त्या बेरजेत एक गोष्ट मुळीच दिसत नाही. एकाच यात्रेत, एकाच पंचक्रोशीतल्या प्रेक्षकांच्या खिशातून निघालेली नोट मल्लाच्या हातात पडते तेव्हा तो उंचावतो, आणि नर्तिकेच्या हातात पडते तेव्हा ती खाली येते.

भाषेने मात्र या दोहोंना वेगळे केलेले नाही. 'फड' कुस्त्यांचाही असतो आणि तमाशाचाही. उसाच्या तोडीलाही फडच म्हणतात, आणि या दोन्ही जिल्ह्यांतून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्यांना तो तिसरा फड पहिल्या दोहोंपेक्षा अधिक परिचयाचा आहे. तिन्ही ठिकाणी शरीर पणाला लागते. कुस्तीच्या हौद्याभोवती जी हलगी कडाडते तीच तमाशातही वाजते. 'रंगणे' हे क्रियापद फड या शब्दाबरोबर दोन्हीकडे सारखेच येते. अर्थात शब्दांच्या साम्यावरून समाजव्यवहाराचे साम्य सिद्ध होत नाही. पण जे भाषेत शेजारी आहे ते प्रतिष्ठेच्या उतरंडीत इतके दूर का, असा प्रश्न निश्चितच उपस्थित होतो.

प्रथम कुस्ती. गावच्या फडात इनामांची चढण असते. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर सुरू होतात, मग काही रुपयांवर जोड लागतात, आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती होते. इनाम आधी ठरलेले व जाहीर झालेले असते; ते कुणी ठेवले हेही ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. कुस्ती निकाली झाली की विजयी मल्ल फडाभोवती फिरतो आणि बघे आपखुशीने त्याच्या हातावर नोटा ठेवतात. ही दुसरी रक्कम कोणत्याही कराराचा भाग नसते. तिच्यात मजुरीचा अंश नाही, भिक्षेचाही नाही. ती घेताना मल्ल वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, कुणी त्याला फेटा बांधतो. वर्षभराच्या खुराकाचा खर्च या पैशांतून क्वचितच निघतो. शेतकरी कुटुंबाला पोरगा तालमीत ठेवणे परवडत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही ठेवले जाते, कारण येथे पैशाबरोबर आणखी काहीतरी मिळत असते.

ते काय, हे हरिश्चंद्र बिराजदार यांच्या उदाहरणावरून कळते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचा हा मल्ल कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला आणि १९६९ साली खुद्द लातूरच्या मैदानात महाराष्ट्र केसरी ठरला. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हते. ते उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब, १९७७ मध्ये बेळगावात सतपाल यांच्यावर मिळवलेला विजय, आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीतील वस्तादकी असा त्यांचा प्रवास झाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लातूर जिल्ह्यातील काका पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पवारांनी पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल उभे केले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर उभे असलेले दोघेही, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, त्यांचेच शिष्य होते. आर्थिक मूल्याच्या हिशेबात या परंपरेतले जवळजवळ सर्व उत्पन्न कोल्हापूर आणि पुण्याच्या खात्यावर जमा होईल. लातूरच्या खात्यावर खर्च तेवढा पडेल. लातूरच्या माणसाला मात्र हा हिशेब पटणार नाही. शेळके हरला तरी 'लातूरचा' म्हणून हरला. नाव परत येते; आणि जेथे नाव परत येते तेथे पैसा बाहेर गेल्याचे दुःख मानले जात नाही.

आता लावणी. संगीत बारीत आणि ढोलकीफडाच्या तमाशात प्रेक्षकाने नर्तिकेला दिलेल्या पैशाला दौलतजादा म्हणतात. त्यातही देणाऱ्याचे नाव पुकारले जाई, कित्येकदा गाण्यात गुंफले जाई. म्हणजे वरवर पाहता क्रिया एकच: जाणत्या प्रेक्षकासमोर शरीराने सिद्ध केलेले कौशल्य, त्यावर खूष होऊन ठरल्याहून अधिक दिलेले धन, आणि देणाऱ्याचा जाहीर उल्लेख. पण मल्ल नोट घेऊन पाया पडतो तेव्हा देणारा आशीर्वाद देतो. नर्तिका नोट घ्यायला पुढे येते तेव्हा ती त्याला बांधली गेली असे समजले जाते. पहिल्या ठिकाणी दान पूर्ण झालेले असते, दुसऱ्या ठिकाणी ती एखाद्या सौद्याची इसार मानली जाते. मिळालेल्या पैशाचे पुढे काय होते हेही पाहण्याजोगे आहे. थिएटरचा मालक, पार्टीची मालकीण, वादक यांचे वाटे वजा जाऊन उरलेल्यावर बहुधा एक मोठे कुटुंब जगते आणि त्या कुटुंबातील पुरुषांची प्रतिष्ठा तिच्या कमाईने वाढत नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाने ही व्यवस्था आतून दाखवली. डॉक्टर झालेल्या मुलाने बापाच्या जागी आईचे नाव लावावे, यात त्या व्यवस्थेवरचे भाष्य आले आहे.

या तुलनेवर एक आक्षेप संभवतो. कुस्तीत निकाल लागतो, गुण वस्तुनिष्ठपणे ठरतो, म्हणून तेथील इनाम हे गुणाचे इनाम. लावणीत दिले जाते ते आवाहनाला. हा आक्षेप वजनदार वाटतो, पण तो तपासला तर टिकत नाही. लावणीतील अदाकारी, बैठकीच्या लावणीतील एकाच ओळीचे अर्थ बदलत नेणारे भावदर्शन, ढोलकीशी चाललेली लयीची झुंज, यांची पारख करणारा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या होता आणि तो चुकणाऱ्या नर्तिकेवर दौलत उधळत नव्हता. उलट कुस्तीचा प्रेक्षक केवळ डाव पाहतो आणि देह पाहत नाही, असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. फरक पाहण्याच्या विषयात नाही. मल्लाच्या मागे गाव उभे असते. देणाऱ्याला त्या गावाशी नाते जोडायचे असते. नर्तिकेच्या मागे कोण उभे असते? लावणी-तमाशातील स्त्रिया अनेकदा गावाचेच नाव आडनाव म्हणून लावतात: नारायणगावकर, वाईकर. गावाचे नाव त्या मिरवतात. गाव त्यांना मिरवतेच असे नाही. विठाबाई नारायणगावकर यांचा १९५७ आणि १९९० असा दोन वेळा राष्ट्रपतींकडून गौरव झाला आणि २००२ साली त्या विपन्नावस्थेत निवर्तल्या. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

जातीचा आणि लिंगभावाचा हा भेद केवळ लावणीपुरता नाही. तालीमही निर्दोष नाही. मातीच्या हौद्यात स्त्रीने उतरू नये ही समजूत इतकी घट्ट होती की महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडावे लागले. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. म्हणजे 'फडात शरीर पणाला लावणाऱ्याला गाव मान देते' हे विधान पुरुषापुरतेच खरे होते.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या निबंधात दानाविषयी जे सांगितले त्याचा येथे उपयोग होतो. त्याच्या मते दान कधीच निव्वळ वस्तूचे हस्तांतर नसते. देणे, घेणे आणि परत करणे या तीन बंधनांतून नाते घडते. इनाम आणि दौलतजादा या दोन्ही या अर्थाने दानाच्या रीती आहेत. पहिलीत परतफेड कीर्तीच्या रूपाने होते आणि ती देणारा व घेणारा दोघांनाही वाटून मिळते. दुसरीत परतफेड घेणारीच्या देहातून होईल अशी अपेक्षा रीतीतच दडलेली असते. नांदेडातच दानाची एक तिसरी रीत शतकानुशतके चालत आली आहे. हुजूर साहिब सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बसणाऱ्याला नाव, गाव, जात विचारली जात नाही आणि वाढणाऱ्याचे नावही पुकारले जात नाही. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त या शहरात रस्ते, विमानतळ, घाट यांवर मोठा खर्च झाला. संस्कृतीचे आर्थिक मूल्य सिद्ध करू पाहणाऱ्यांना इतके सोपे उदाहरण मराठवाड्यात दुसरे मिळणार नाही. पण त्या उत्सवाच्या केंद्रस्थानी असलेल्या पंगतीत किंमत हा शब्दच नाही. लंगराचे तत्त्व कलेला जसेच्या तसे लावता येणार नाही. कलावंताचे नाव पुसून त्याला न्याय मिळत नाही. तरी देण्याची रीत बदलली की तोच व्यवहार किती बदलतो, हे दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

राज्यसंस्थेची या बाबतीतली भूमिका जुनी आणि दुटप्पी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाहेरून येणाऱ्या नट-वादकांकडून पाच पण 'प्रेक्षावेतन' घ्यावे असे सांगितले आहे, आणि त्याच ग्रंथात, नव्या वसविलेल्या गावांत करमणुकीच्या शाळा नसाव्यात, नट-नर्तकांनी शेतीच्या कामात व्यत्यय आणू नये, असाही दंडक आहे. करमणूक महसूल देते तोवर हवी, श्रम खाते तेव्हा नको. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तमाशावर आधी बंदी घातली आणि मग सुधारणा समिती, संहितांची पूर्वतपासणी अशा अटींवर त्याला परत आत घेतले, तेव्हा महसुलाऐवजी सभ्यता हा निकष आला. पण तमाशा स्वतःसाठी काय आहे हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. नांदेड आणि लातूर त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने तो निर्बंध येथे लागू नव्हता, ही जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे राज्यभरच्या जत्रांचे हंगाम बुडाले आणि कर्जावर उभे असलेले फड मोडकळीला आले, तेव्हाही चर्चा 'पॅकेज' या शब्दाभोवतीच फिरली. ते पॅकेज आवश्यक नव्हते असे कोण म्हणेल? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की प्रयोगकलांत श्रमाची उत्पादकता वाढत नाही. चार वादकांची रचना दोन वादकांत उरकता येत नाही; तशीच ढोलकी, हलगी, कडी, तुणतुणे यांतील माणसे कमी करून बारी उभी राहत नाही. डिझेल महागते, तंबू महागतो, तिकीट मात्र त्या प्रमाणात वाढवता येत नाही. आधार लागतोच. पण आधार कोणत्या रीतीने दिला जातो यावर तो इनाम ठरणार की दौलतजादा, हे अवलंबून राहते.

मूल्यनिर्णय करणाऱ्या संस्थांत समीक्षाही येते, आणि तिला या प्रश्नातून सुटका नाही. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) या ग्रंथाने लावणीला वाङ्मयीन अभ्यासात भक्कम स्थान मिळवून दिले, हे त्यांचे ऋण मोठेच. मात्र त्या परंपरेतील अभ्यासाचा विषय झाली ती शाहिराची रचना. ती रचना आपल्या गळ्यातून आणि अंगातून सिद्ध करणारी स्त्री कवितेच्या कक्षेबाहेर राहिली. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम यांची नावे पाठ्यपुस्तकांत आली. त्यांच्या लावण्या जिवंत ठेवणाऱ्या गायिकांची नावे जाहिरातीच्या भिंतीपत्रकावरून पुढे सरकली नाहीत. संहिता आणि प्रयोग ही फारकत सिद्धान्ताच्या पातळीवर निरागस वाटते, परंतु येथे तिने एका जुन्या सामाजिक फारकतीला विद्वत्तेचा आधार दिला. १९९० च्या दशकात शर्मिला रेगे यांनी लावणीचा विचार जात आणि लैंगिकतेच्या राजकारणातून केला. पुढे शैलजा पैक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' या शब्दांभोवती तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास उभा केला. हे दोन्ही अभ्यास मुख्यतः इंग्रजीत झाले आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत त्यांची दखल उशिरा व तुटपुंजी घेतली गेली. एखाद्या लावणीला 'शृंगारिक पण अभिजात' म्हणणारा समीक्षक जो 'पण' योजतो, त्या 'पण'मध्ये किती सामाजिक इतिहास साठला आहे, याची जाणीव ठेवल्याशिवाय वाङ्मयीन मूल्याची चर्चा प्रामाणिक होऊ शकत नाही.

'सामाजिक मूल्य' हा दुसरा रकानाही असाच तपासावा लागतो. यात्रा समाजाला एकत्र आणते, हे खरे. पण एकत्र येण्यातून काय निष्पन्न होते? माळेगावी भरणाऱ्या जातपंचायतींनी विखुरलेल्या भटक्या समाजांना ओळख दिली, न्यायालयाच्या पायऱ्या न परवडणाऱ्यांचे तंटे मिटवले. आणि जातपंचायतींनीच दंड, बहिष्कार, विशेषतः स्त्रियांच्या विवाहांवरचे नियंत्रण ही आपली हत्यारेही वापरली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो अशाच अनुभवांमुळे. ज्या ऐक्याची गोडवे गाऊन यात्रांना अनुदाने मिळतात त्या ऐक्याची किंमत कोण मोजते, हे विचारले नाही तर 'सामाजिक' हे विशेषण रिकामे राहते.

अॅलस्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. प्रत्येक साधनेला काही आंतरिक हिते असतात, ती त्या साधनेतूनच मिळतात. आणि काही बाह्य हिते असतात, पैसा, सत्ता, प्रतिष्ठा, ती अन्य मार्गांनीही मिळू शकतात. पकड सुटता सुटता उलटा डाव बसतो त्या क्षणीचे मल्लाचे समाधान तालमीबाहेर मिळत नाही. बाह्य हितांवाचून साधना जगत नाही, हे मॅकिन्टायरलाही मान्य आहे. पण बाह्य हिते तिचे प्रयोजन बनली की ती आतून पोकळ होते. याचे ताजे उदाहरण गुणपत्रिकेत आहे. २०१७ च्या सुमारास दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, चित्रकला आणि लोककला यांसाठी वाढीव गुणांची सोय झाली. खेळाडूंसाठी ती आधीपासून होतीच. 'लातूर पॅटर्न'ने ज्या शहराचे नाव राज्यभर केले, जेथे एकेका गुणावर भवितव्य ठरते, त्या शहराला या सोयीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कलेची आवड नसलेला विद्यार्थी प्रमाणपत्रापुरता लोककलेकडे वळला, तर दोष त्याचा नाही. पण ज्या मुलीची आई बारीत नाचते तिने लोककला पाळण्यापासून शिकलेली असते, आणि नेमकी तीच मुलगी शाळेत आईचा व्यवसाय सांगताना अडखळते. लोककलेला गुण मिळाले. लोककलावंताच्या मुलीला ते मागण्याचे धैर्य कोठून मिळावे, याचा विचार त्या योजनेच्या कक्षेत नव्हता.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाची कथा याहून बोलकी आहे. राज्याच्या योजनेत अनेक वर्षे कलावंतांची राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी 'अ', 'ब', 'क' वर्गवारी होती आणि दरमहा रक्कम अनुक्रमे ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये होती. कीर्ती जितकी लांब पोहोचली तितका म्हातारपणीचा आधार अधिक, असे हे गणित. वस्तुतः स्थानिक कलावंताजवळच उत्पन्नाचे अन्य साधन सर्वांत कमी असते. २०२४ मध्ये ही वर्गवारी जाऊन सरसकट ५,००० रुपये झाले. हा निर्णय चांगला आहे. मात्र अर्जदाराने कलाक्षेत्रातील दीर्घकाळच्या योगदानाचे पुरावे जोडावे लागतात, ही अट राहिली. मल्लाजवळ वृत्तपत्रांची कात्रणे असतात, फेटा बांधलेली छायाचित्रे असतात. नर्तिकेचे नाव निदान एखाद्या जुन्या भिंतीपत्रकावर सापडू शकते. पण कुस्तीच्या हौद्याशेजारी आणि तमाशाच्या तंबूत चाळीस वर्षे हलगी वाजवणाऱ्या माणसाला ना इनाम पुकारले गेले ना त्याच्यावर दौलत उधळली गेली. दोन्ही फड त्याच्या हाताने चढले. त्याला मिळाली ती ठरलेली बिदागी, आणि ती देताना कुणी पावती फाडत नाही.